बांडगूळ नव्हे, सुगंधी पाहुणी!



आज सुरुवातीलाच एक कोडं.

माती नको, कुंडी नको, विहिरीचं पाणी नको;
आंब्याच्या खांद्यावर बसते, पण आंब्याचा घास नको;
ऊन तापलं की फुलते, वाऱ्यावर वास उधळते.
ओळखा पाहू, मी कोण?

काय म्हणालात? बांडगूळ? चूक! अहो, बांडगूळ तर झाडाच्या ताटातलंच ओढून खातं. आमच्या कोड्यातली बाई मोठी स्वाभिमानी आहे. झाडावर राहते, पण झाडाचं काही घेत नाही. तिचं नाव आहे आमरी. इंग्रजीतून आलेलं नाव तुम्ही ऐकलेलं असेल, ऑर्किड.

लगेच तुमच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या हॉलमधले ते जांभळे, महागडे फुलांचे गुच्छ आले असतील. "ती फुलं तर परदेशातून येतात, आमच्या खानदेशात कुठून ऑर्किड? इथे तर मे महिन्यात डांबर वितळतं!" असंही कोणी म्हणेल. पण गंमत तीच आहे. जिथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या जळगाव-धुळ्याच्या डोक्यावरच, सातपुड्याच्या उतारांवर, सुगंधी आमरी राहते. आणि फुलायला तिला नेमका तो उन्हाळाच आवडतो.

आखाजीचे दिवस आठवा. माहेरवाशिणी आलेल्या असतात, आंब्याच्या आडव्या फांदीला झोका बांधलेला असतो, गाणी चाललेली असतात. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा या भागांत, सातपुड्याच्या पायथ्याशी तुमचं आजोळ असेल, तर झोका घेताना एकदा मान वर करा. जुन्या आंब्याच्या खोडाला किंवा जाड फांदीला चिकटलेली, पट्ट्यासारख्या जाड पानांची झुबकेदार वनस्पती दिसली, तर झोका थांबवा. बाईंची भेट झाली म्हणायची!

दोघी बहिणी

आपल्या भागात झाडावर राहणाऱ्या आमऱ्यांच्या काही जाती आहेत. त्यांतल्या दोघींची आज ओळख करून घेऊ.

पहिली वांडा टेसेलाटा. ही पायथ्यापासून डोंगरापर्यंत भेटते. फूल बोटाच्या दोन पेरांएवढं. पाकळ्या पिवळसर हिरवट, त्यांवर तपकिरी रेषांची नाजूक जाळी. जणू चौकटीच्या फरशा बसवल्या आहेत. 'टेसेलाटा' याचा अर्थच मुळी चौकटीचौकटीची. मधली पाकळी मात्र निळसर जांभळी, आणि फुलाला गोड वास. औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत हिला रास्ना म्हटलेलं आढळतं. खरं तर रास्ना कोणती, यावर वैद्यांचं एकमत नाही. उत्तरेत एक झुडूप रास्ना म्हणून वापरतात, दक्षिणेत कुलिंजन, तर बंगालकडे आपल्या या आमरीची मुळं. नाव एक आणि वनस्पती तीन!

दुसरी आहे एरिडिस मॅक्युलोसा. 'एरिडिस' म्हणजे हवेत राहणारी आणि 'मॅक्युलोसा' म्हणजे ठिपक्यांची. आपण तिला ठिपक्यांची आमरी म्हणू. हिला डोंगराची हवा जास्त मानवते. सह्याद्रीच्या माथ्यांवर आणि सातपुड्याच्या उंच भागांत ती आढळते. मे महिन्यापासून पाऊस लागेपर्यंत हिचे फिकट गुलाबी घोस फांदीवरून खाली झुकतात. प्रत्येक फुलावर जांभळे ठिपके, मधली पाकळी गडद गुलाबी, आणि वास असा की आधी नाकाला कळतं आणि मग डोळे शोधू लागतात.

सातपुड्याची उंची कळायला तोरणमाळचं उदाहरण घ्या. समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीचं हे पठार. पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते नंदुरबारमध्ये आहे. खाली शहाद्याला अंगाची लाही होत असते आणि घाट चढून यशवंत तलावापाशी गेलं की संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. खालचं रान आणि वरचं रान वेगळं दिसतं, ते याचमुळे. धुळ्याच्या घोगरे विज्ञान महाविद्यालयातल्या डॉ. डी. ए. पाटील यांनी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वनस्पतींची जंत्री करणारा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तो २००३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या जिल्ह्यातल्या झाडाझुडपांना नावानिशी ओळखणारी माणसं आपल्या गावातच असतात, हे लक्षात ठेवा.

नावातच घोटाळा

आता एक मजेदार गोष्ट. 'वांडा' हे नाव कुठलं असेल? लॅटिन? ग्रीक? मुळीच नाही. ते आपलंच, संस्कृत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स नावाचे एक गृहस्थ कलकत्त्याला न्यायाधीश होते. त्यांना संस्कृतचं भारी वेड. इथले लोक झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला 'वंदा' म्हणतात असं त्यांना कळलं आणि त्यांनी तेच नाव उचललं. पुढे रॉबर्ट ब्राउन या शास्त्रज्ञानं १८२० साली ते वनस्पतिशास्त्रात पक्कं केलं. आज सिंगापूरपासून हवाईपर्यंत फुलं विकणारे लोक 'वांडा, वांडा' म्हणतात ना, ते आपल्या भाषेतला शब्द बोलत असतात!

पण घोटाळा असा, की 'वंदा' किंवा 'बांदा' हे नाव खऱ्या बांडगुळालाही होतं. म्हणजे चोराला आणि पाहुण्याला एकाच नावानं हाक! हा गोंधळ अजूनही मिटलेला नाही. शेतातला आंबा साफ करताना बांडगुळाबरोबर आमरीवरही कोयता चालतो. "झाडाला लागलंय, काढून टाक!" झालं, संपलं.

म्हणून हा फरक नीट पाहून घ्या आणि घरातल्या मोठ्यांनाही सांगा.

बांडगूळ हे झुडूप असतं. त्याला लाकडी फांद्या असतात. ते जिथे झाडाला चिकटतं, तिथे बऱ्याचदा गाठ आलेली दिसते, कारण त्यानं आपलं मूळ झाडाच्या आत घुसवलेलं असतं आणि तिथून ते पाणी आणि क्षार ओढून घेतं. लांबून पाहिलं, तर आंब्याच्या झाडावर दुसऱ्याच झाडाची फांदी उगवल्यासारखी वाटते.

आमरीला लाकडी फांद्या नसतात. जाड, पट्ट्यासारखी पानं दोन ओळींत समोरासमोर असतात. मुळं पेन्सिलीसारखी जाड, पांढुरकी, आणि मुख्य म्हणजे ती सालीच्या वरून धावतात, आत शिरत नाहीत. झाडाला ती फक्त धरून बसते. गाडीच्या टपावर बसलेला प्रवासी गाडीतलं पेट्रोल पितो का? तसंच हे.

खाते काय, पिते काय?

"मग ती जगते कशावर?" शाबास! हा प्रश्न यायलाच हवा होता.

पाणी मिळतं पावसाचं आणि दवाचं. त्यासाठी तिच्या मुळांवर एक खास कोट असतो. हा कोट मेलेल्या, पोकळ पेशींचा असतो, अगदी स्पंजासारखा. पावसाची सर आली की तो भराभर पाणी शोषतो आणि मग मुळाला सावकाश पाजत राहतो. कोरडं असताना हे मूळ चांदीसारखं पांढरं दिसतं. ओलं झालं की आतला हिरवा रंग दिसू लागतो. हो, मुळं हिरवी असतात आणि पानांप्रमाणे उन्हात थोडं अन्नही तयार करतात!

क्षार मिळतात फांदीवर साठलेल्या धुळीतून, कुजलेल्या पालापाचोळ्यातून, पाखरांच्या विष्ठेतून. पावसाचं पाणी खोडावरून ओघळताना हे सगळं विरघळवून आणतं. म्हणजे आयतं सूपच म्हणा ना!

आणि खानदेशचं ऊन? त्याच्यावरही तोड आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडून हवा आत घेतात. पण दार उघडलं की आतलं पाणीही वाफ होऊन बाहेर जातं. आपण नाही का, दुपारी झळा लागायला लागल्या की खिडक्या बंद करतो आणि रात्री गारवा आला की उघडतो? आमरी अगदी तसंच करते. दिवसा छिद्रं बंद, रात्री उघडी. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती आम्लाच्या रूपात साठवून ठेवते आणि सकाळी सूर्य उगवला की त्या साठ्यातून अन्न बनवते. निवडुंग आणि अननस हीच युक्ती वापरतात. शहाण्या गृहिणीसारखा आदल्या रात्रीच शिधा काढून ठेवलेला असतो!

वास कोणासाठी?

आता वासाकडे येऊ. इतकी काटकसर करणारी ही वनस्पती वासावर मात्र सढळ हातानं खर्च करते. का बरं? आपल्याला बरं वाटावं म्हणून? छे! तिला आपण ठाऊकही नाही. वास म्हणजे तिची चिठ्ठी आहे, आणि ती कीटकांच्या नावे लिहिलेली आहे.

झाडाला चालता येत नाही. या फांदीवरच्या फुलाचे पराग त्या डोंगरावरच्या फुलापर्यंत न्यायचे कसे? निरोप्या हवा. मधमाश्या-भुंग्यांना बोलावणारी फुलं दिवसा दरवळतात, पतंगांना बोलावणारी रात्री. आमरीची मधली पाकळी म्हणजे विमानाच्या धावपट्टीसारखी उतरायची जागा असते. कीटक आत डोकावला की पराग त्याच्या अंगावर भुरभुरत नाहीत. त्यांच्या छोट्या पोटल्या बांधलेल्या असतात आणि त्यांना खाली चिकट ठिपका असतो. ती पोटलीच्या पोटलीच पाहुण्याच्या अंगाला चिकटते. रजिस्टर टपालच म्हणा! आणि लबाडी ऐका. जगातल्या सुमारे एक तृतीयांश ऑर्किड जाती कीटकाला बदल्यात मध वगैरे काहीच देत नाहीत. नुसतं आमिष दाखवून काम करून घेतात.

या टपालावर चार्ल्स डार्विन यांनी फार विचार केला. १८६२ साली त्यांच्याकडे मादागास्कर बेटावरचं एक पांढरं ऑर्किड आलं. फुलामागे एक नळी होती, जवळपास ३० सेंटीमीटर लांब. म्हणजे तुमच्या कंपासमधल्या दोन पट्ट्यांएवढी! आणि मध कुठे? नळीच्या तळाशी. डार्विन म्हणाले, "मादागास्करमध्ये एवढ्याच लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे." लोक हसले. असा पतंग कोणी पाहिलेलाच नव्हता. डार्विन १८८२ मध्ये वारले. आणि १९०३ साली शास्त्रज्ञांनी तसाच पतंग जगापुढे मांडला! फूल पाहून पाहुणा ओळखला, आहे की नाही कमाल? आपल्याकडेही पावसाळ्यात डोंगरांच्या गवताळ उतारांवर जमिनीतून उगवणाऱ्या हबेनारिया नावाच्या आमऱ्या आहेत. त्यांच्या पांढऱ्या फुलांमागे लांब शेपटीसारखी नळी असते. तुम्हीही डार्विनसारखा अंदाज करून पाहा.

पण निरोप्याच आला नाही तर? त्याचीही एक खरी गोष्ट सांगतो. व्हॅनिला आइस्क्रीम आवडतं ना? व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोतली, एका ऑर्किडची शेंग. तिचा वेल हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर नेऊन लावला. वेल वाढला, फुलला, पण शेंग काही धरेना. मेक्सिकोतले कीटक तिथे नव्हते. फूल आपलं वाट बघतंय आणि निरोप्याचा पत्ताच नाही. १८४१ साली एदमों आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या मुलानं एक बारीक काडी घेतली, फुलातला पडदा बाजूला केला आणि अंगठ्यानं हलकेच पराग जागेवर दाबला. शेंग धरली! हा मुलगा गुलाम होता, शाळेत गेलेला नव्हता. आज जगभर व्हॅनिलाच्या फुलांना हातानं पराग लावतात, ते त्याच्याच पद्धतीनं.

डार्विनचा हिशेब

डार्विन यांनी आणखी एक गंमत केली. इंग्लंडमधल्या एका साध्या ऑर्किडच्या बोंडातलं बी मोजलं. एका बोंडात सुमारे ६२०० बिया! एका झाडाला ३० बोंडं आली होती. करा गुणाकार. १ लाख ८६ हजार! प्रत्येक बी उगवलं तर त्या एका झाडाची पणतवंडंच पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन झाकून टाकतील, असं त्यांनी गणित मांडलं.

मग तसं होत का नाही? आपल्या आंब्यावर एखादीच आमरी का दिसते?

उत्तर बियाण्यात आहे. हरभऱ्याचा दाणा सोलून पाहा. आत दोन डाळिंब्या असतात. ती कोंबाची शिदोरी. आमरीचं बी म्हणजे पिठाच्या कणासारखी धूळ. शिदोरी शून्य! वाऱ्यावर ते खूप लांब जातं, पण पोहोचल्यावर खायचं काय? १८९९ साली नोएल बेर्नार या पंचवीस वर्षांच्या फ्रेंच संशोधकाला जंगलात ऑर्किडची अगदी बारीक रोपं सापडली. त्यानं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि प्रत्येक रोपात त्याला बुरशीचे धागे दिसले. तेव्हा उलगडा झाला. ती बुरशीच बाळाला भरवत असते! सालीच्या खाचेत नेमकी ती बुरशी असेल तरच बी रुजतं. लाखांतल्या एखाद्याच बीला हे भाग्य लाभतं. पुढे १९२२ साली लुईस नडसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं साखर घातलेल्या खळीवर, बाटलीत, बुरशीशिवाय ऑर्किडचं बी उगवून दाखवलं. रोपवाटिकेतली ऑर्किडं आपल्याला मिळतात, त्यामागे ही युक्ती आहे. पण रानात बाटली कुठली? तिथे बुरशीच हवी.

रुजल्यावरही घाई नाही. वर्षाला थोडीच पानं फुटतात. पहिलं फूल यायला कित्येक वर्षं जातात. आज रुजलेल्या आमरीचं फूल पाहायचं, तर तुम्ही बहुधा प्राथमिक शाळा सोडून हायस्कुलात गेलेले असाल.

तिला घरी नेऊ नका

आता तुमच्या लक्षात आलं असेल. आमरी एकटी दिसते, पण ती एकटी नसते. तिचे तीन सोबती असतात. तिला खांद्यावर घेणारं जुनं झाड, तिच्या बाळाला भरवणारी बुरशी आणि तिची चिठ्ठी पोहोचवणारा कीटक. यांतला एक जरी गेला, तरी बाकीचं सगळं लटकं पडतं.

सहलीला जातो, सुंदर फूल दिसतं, "घरी नेऊन लावू" म्हणून कोणीतरी झाडावर चढतो आणि आमरी ओरबाडून काढतो. मुळं सालीला घट्ट धरून असतात. ती तुटतात. घरी आल्यावर आपण प्रेमानं कुंडीत काळी माती भरतो, तिला त्यात पुरतो आणि रोज तांब्याभर पाणी घालतो. हवेची सवय असलेली मुळं मातीत गुदमरून कुजतात. काही आठवड्यांत खेळ खलास. बाईंना पोहायला येत नाही आणि आपण त्यांना विहिरीत ढकललं! यात वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण वर्षानुवर्षांची वाढ एका दुपारी संपते.

शिवाय कायदाही आहे. अभयारण्यातून कुठलीही वनस्पती तोडून नेणं हा गुन्हा आहे. रावेर तालुक्यातल्या पालजवळ पसरलेलं यावल अभयारण्य तर १९६९ सालापासून राखलेलं आहे. जगातली सगळी रानऑर्किडं परदेशी व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली येतात, ती उगाच नाही.

दुसरं संकट जास्त मोठं आहे. रस्ता रुंद होतो, विहिरीला किंवा ट्रॅक्टरला जागा हवी असते, घरात लाकूड लागतं, आणि बांधावरचा पन्नास-साठ वर्षांचा आंबा, मोह, चिंच तोडली जाते. "एकाच्या जागी दहा रोपं लावू," असं म्हणतात. जरूर लावा! पण रोपाची साल गुळगुळीत असते. त्यावर खाचा नाहीत, साठलेला पालापाचोळा नाही, बुरशी नाही. आमरीला राहण्यासारखं घर व्हायला त्या रोपाला तुमच्या आयुष्यातली बरीच वर्षं लागतील. म्हणून नवी झाडं लावायचीच, पण जुनं झाड उभं ठेवणं हे वेगळं आणि त्याहून मोठं काम आहे. आजोबांच्या जागी दहा नातवंडं आली, म्हणून आजोबांचं काम भागतं का?

तिसरी गोष्ट आई-बाबांसाठी. कपाशीवर, केळीवर फवारणी करायची तर भर फुलांच्या वेळी, मधमाश्या फिरत असताना करू नये, असं कृषी अधिकारीही सांगतात. तो निरोप्या आमरीचाही असतो आणि आपल्या कांद्याच्या बियाण्याचा, सूर्यफुलाचाही असतो.

मग करायचं काय?

हातात नुसतं "हे करू नका, ते करू नका" देऊन आम्ही कधी तुम्हाला सोडलंय का? घ्या, ही कामं करून पाहा.

एक. आपल्या शेतात, आजोळी किंवा शाळेच्या वाटेवर आमरी असलेलं झाड शोधा. वहीत एक पान तिच्या नावे करा. झाड कोणतं? जमिनीपासून किती उंचीवर? खोडाच्या कोणत्या दिशेला? फूल कधी उमललं, कधी गळलं? चित्र काढा किंवा घरातल्या मोबाइलवर फोटो घ्या. पुढच्या वर्षी याच तारखांना पुन्हा पाहा.

दोन. फूल हाताशी येत असेल, तर सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागायच्या वेळी वास घेऊन पाहा. कधी सर्वांत जास्त येतो? त्यावरून तिची चिठ्ठी दिवसा फिरणाऱ्याला आहे की रात्री फिरणाऱ्याला, याचा अंदाज करा. थोडा वेळ गप्प बसून कोण येतं तेही टिपून ठेवा. लक्षात ठेवा, नाक जवळ न्यायचं, हात नाही!

तीन. कोरड्या पांढऱ्या मुळावर पेलाभर साधं पाणी ओता आणि बघत राहा. काय रंग होतो? हा प्रयोग लहान भावंडांना दाखवा, जादूगार म्हणून तुमचा भाव वधारेल.

चार. वादळात पडलेल्या किंवा तोडलेल्या झाडावर आमरी दिसली, तर मात्र तिला मदत लागते. झाड शेतातलं असेल तर मालकांना विचारा, रानातलं असेल तर वनरक्षक काकांना कळवा. परवानगी मिळाली की शक्यतो सालीच्या तुकड्यासकट ती सोडवून घ्या. मग जवळच्याच खरखरीत सालीच्या झाडाला, सावलीच्या बाजूनं, सुती कापडाच्या पट्टीनं बांधा. माती नाही, प्लास्टिक नाही, तार तर मुळीच नाही. पावसाळ्याच्या तोंडाला बांधली तर मुळं नवीन साल धरतात. तोवर पट्टी आपोआप कुजून जाते. झाडावर चढायचं काम मात्र मोठ्यांचं, बरं का!

पाच. घरी ऑर्किड हवंच असेल, तर रोपवाटिकेत बाटलीत वाढवलेलं घ्या. रानातलं कोणी विकायला आणलं, तर नको म्हणा. घेणारा नसेल, तर तोडणाराही नसेल.

आणि सर्वांत सोपं काम सहावं. पुढच्या वेळी कोणी आंब्यावर कोयता घेऊन चढलं आणि म्हणालं, "हे बांडगूळ काढून टाकतो," तर खालून ओरडून विचारा, "काका, मुळं सालीत शिरलीत की वरून धावताहेत?" या एका प्रश्नानं एखादी आमरी वाचेल.

जाता जाता एक गणित तुमच्यासाठी. एका आमरीच्या बोंडात ५० हजार बिया आहेत असं समजा. लाखात एकच बी रुजतं असं धरलं, तर एक नवी आमरी उगवायला अशी किती बोंडं लागतील? आणि त्या झाडाला वर्षाला एकच बोंड धरत असेल, तर किती वर्षं? उत्तर काढा, आणि मग ती ओरबाडायला किती मिनिटं लागतात तेही शेजारी लिहा. दोन्ही आकडे वहीत समोरासमोर ठेवा.

उत्तरं आणि तुमच्या वहीतल्या नोंदी आम्हाला जरूर पाठवा. पाकिटावर गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहायला विसरू नका. कोणत्या गावच्या आंब्यावर आमरी अजून फुलते आहे, हे आपल्या सगळ्यांनाच कळू द्या!